हाताने केलेलं की छापलेलं?

परदेशातल्या भेटवस्तू सगळीकडे सारख्याच, म्हणून त्या विमानतळावरच घ्याव्यात असं काही जण म्हणतात. फ्रिजवरच्या चुंबकांपुरतं कबूल. पण हस्तकलेला हा हिशेब लावू नका.

व्हेनिसमध्ये मुरानोच्या (जवळच्याच, काचकामासाठी प्रसिद्ध बेटाच्या) नावाखाली बाहेरून आलेली काच सर्रास विकली जाते. म्हणूनच व्हेनेतो प्रांताने १९९४ साली कायदा करून 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' (मुरानोची कलात्मक काच) हे चिन्ह आणलं. मात्र सगळेच अस्सल कारागीर ते वापरत नाहीत, त्यामुळे चिन्ह नाही म्हणजे माल खोटाच असंही नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराची निळी-पांढरी भांडी घेताना ती उलटी करून तळ बघा. १६५३ पासून चालत आलेल्या रॉयल डेल्फ्ट या कारखान्याच्या हाताने रंगवलेल्या नगावर चित्रकाराची आद्याक्षरं असतात. शिवाय ब्रशच्या फटकाऱ्यात निळा रंग कुठे दाट, कुठे फिका दिसतो.

तुर्कस्तानात गालिचा घेणार असाल तर आधी मागची बाजू. हातविणीच्या गाठी किंचित वेड्यावाकड्या असतात आणि झालर ताण्याच्याच (विणीतल्या उभ्या) धाग्यांची असते. यंत्रावरच्या गालिच्याला ती बहुधा नंतर शिवून लावतात. दुकानदार चहा पाजतो, तो निवांत प्या. त्याने खरेदी बंधनकारक होत नाही!

आणि हो, हस्तिदंत किंवा समुद्री कासवाच्या कवचाच्या वस्तू कितीही देखण्या असोत, घेऊ नका. सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्या कस्टम्समध्ये जप्त होतात, वर दंडही बसू शकतो. दुकानात उघड विकायला ठेवल्यात म्हणून देशाबाहेर नेता येतात असं नसतं.