वात टाचेत उतरतो तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

ओसरीवरची

परवा दूध आणायला खाली चालले होते, तर समोरच्या घरातली मुलगी जिना उतरत होती. कठडा धरून, आडवी, खेकड्यासारखी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. वय तिशीच्या आतबाहेर. मला बघून ओशाळली. "काही नाही काकू, सकाळी जरा टाच धरते, नंतर सुटते."

"नंतर सुटते" ऐकलं आणि मी पिशवी धरून तिथेच उभी राहिले. २०११ ते २०१४ हेच वाक्य मी सगळ्यांना ऐकवत होते.

माझी तळव्याकडची टाच नव्हती दुखत. मागची, चपलेचा पट्टा येतो ती. पलंगावरून पाय खाली टेकवला की पोटरीपासून कुणीतरी दोरी आखूड केल्यासारखं. तास-दीड तास तसं, मग पोळ्या होईपर्यंत सैल. दुपारी जरा आडवं झालं की चारला पुन्हा तेच. एक्सरेत हाडाचा काटा दिसला, झालं, "वजन कमी करा". वजन ५४ होतं हो माझं! विटेने शेकलं, रुईची पानं बांधली, नवऱ्याने रोज तेल चोळलं. रजा टाकून पंधरा दिवस पाय वर घेऊन बसले, तर आणखीच आखडलं.

शेवटी पकडलं कुणी, तर त्वचेच्या डॉक्टरांनी. कानामागे खपल्या होत्या, मी कोंडा समजत होते. त्यांनी आधी नखं बघितली. सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. म्हणाले, सांधे दुखतात का? म्हटलं सांधे नाही, टाच. ते म्हणाले, तेच विचारतोय. सोरायटिक आर्थ्रायटिस. हा सोरायसिसबरोबर येणारा वात. शीर (टेंडन) हाडाला जिथे चिकटते ती जागाच यात सुजते, एन्थेसायटिस म्हणतात. आधी रक्तात आरए फॅक्टर (आमवातासाठी बघतात तो) निगेटिव्ह आला म्हणून "तुम्हाला वात नाही" असं सांगून मला घरी पाठवलं होतं.

आता बरी आहे. म्हणजे वर्षातून दोन-तीनदा कुरकुर. पण त्या मुलीला न विचारता काही सांगावं का, आणि काय, हे कळेना. ज्यांचा वात टाचेत उतरलाय त्यांनी लिहा. गोळ्या, चपला, टोमणे, काहीही.

साडेआठची_लोकल

आई गं, नखं!! आत्ता दादर आलं. रात्री लिहिते.

उंब्रजकर

ए.एस. (अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, पाठीच्या कण्याचा वात), त्याच्याशी जोडलेलं एचएलए-बी२७ जनुक पॉझिटिव्ह, वय ३८. पाठीने नाही, टाचेनेच सुरुवात. एकोणिसाव्या वर्षी. फास्ट बोलिंग टाकायचो म्हणून सगळ्यांनी त्यावर ढकललं, तीन वर्षं क्रेप बँडेज. मग पहाटे चारला पाठ उठवायला लागली तेव्हा एमआरआय झाला.

इटोरिकॉक्सिब या वेदनाशामक गोळीने पाठ आणि टाच दोन्ही गप्प, पण बीपी चढलं, बदलावी लागली. सल्फासालाझिन या वाताच्या गोळीचा मला काही फरक नाही. आता अडालिमुमॅबचं इंजेक्शन, दोन आठवड्यांनी एकदा, पोटावर स्वतःच टोचतो. त्याआधी टीबीच्या तपासण्या, छातीचा एक्सरे. भारतीय बनावटीचं निघालं म्हणून परवडतं, नाहीतर शेत विकायला लागलं असतं. पाठ महिन्यात सुटली. टाच हट्टी, तिला चारेक महिने लागले.

आणि २०१९ ला शहाणपणा केला. बरं वाटतंय म्हणून माउलींबरोबर पुणे ते सासवड चाललो. तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट. घाट चढताना भजनाच्या नादात काही कळलं नाही. सासवडला बूट काढला तर टाचेमागे लिंबाएवढी सूज. परतीला टेंपोत. आता पालखी गावाजवळ आली की पाणी वाटायला उभा राहतो, तेही स्टूल घेऊन.

पाणचट_ताक

अकिलीस ग्रीकांचा, पण बाण आपल्या श्रीकृष्णालाही पायातच लागला. बोध : पाय झाका.

गवती_चहा

@ताक, तो तळव्याला. तिकडे आईने टाच धरून बुडवलं म्हणून टाच राहिली, इकडे गांधारीची नजर पडली नाही म्हणून दुर्योधनाची मांडी राहिली.

उंब्रजकर

पोराचं काही राहिलं की आईच. हाहा.

पोटरी_सोडा (फिजिओ आहे, पण इथे निवांत बसायला येते)

निवांत बसू देत नाही तुम्ही लोक.

त्या शिरेला ताण हवा असतो, पण मोजून. पायरीच्या कडेला उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, तो अल्फ्रेडसनचा व्यायाम सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेला असतो. रोज १८०, बारा आठवडे. तो मुळात शिरेच्या मधल्या भागाच्या दुखण्यासाठी. तुमची हाडाला चिकटते तिथेच दुखते, त्यामुळे टाच पायरीच्या खाली सोडली की ती शीर हाडावर दाबली जाते. सपाट फरशीवर करा. ओटा धरून चवड्यांवर उभं राहायचं, ३०-४० सेकंद, चार-पाच वेळा. ते जमलं की वर-खाली. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळचा कडकपणा वाढला का, ते बघायचं. वाढला तर निम्मं करा.

भडका चालू असताना जोर करू नका, आधी औषधाने आग विझू दे. आणि शिरेवर चोळचोळ मालिश बंद. ओसरीताई, यजमानांना पोटरीवर बदली द्या.

ओसरीवरची

यजमान वाचतायत. म्हणतात दहा वर्षांनी का सांगता.

शेंगदाण्याचं_कूट

माझी आजी या शिरेला घोडशीर म्हणायची. उन्हातून पळत आलो की "घोडशीर धरेल रे मेल्या".

गवती_चहा

आमच्याकडे धोंडशीर. घोड की धोंड?

शेंगदाण्याचं_कूट

आजी गेली. आता कुणाला विचारू :(

रविवारची_मिसळ

माझ्या साडूंनी टाचेत एक इंजेक्शन घेतलं, दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. उगाच वर्षानुवर्षं गोळ्या का खाता?

पोटरी_सोडा

@मिसळ, ते स्टिरॉइड. त्या शिरेत दिलं तर ती तुटण्याची भीती असते, म्हणून जाणते डॉक्टर तिथे द्यायला कचरतात. तुमच्या साडूंचं बहुतेक तळव्याकडच्या टाचेत असेल. जागा वेगळी, गोष्ट वेगळी.

वाळूतली_रेघ

तुटण्यावरून. माझे वडील, ६७, आमवातासाठी प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) चालू. लघवीचा संसर्ग झाला म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथे लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. पाचव्या दिवशी बस पकडायला दोन पावलं पळाले आणि फट्ट. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी दगड मारला म्हणून. मागे कुणीच नाही. पोटरी दाबली तर पाऊल हलेना, त्यावरूनच डॉक्टरांनी शीर तुटली म्हणून सांगितलं. प्लास्टर, मग टाच उंच केलेला बूट, पुन्हा नीट चालायला सहा महिने.

नंतर कळलं, सिप्रो, ऑफ्लॉक्स, लेव्होफ्लॉक्स या घराण्याला हा दोष आहे. साठीपुढे आणि त्यात स्टिरॉइड असेल तर जास्तच. २००८ पासून अमेरिकेत औषधावर चौकटीत इशारा छापतात. आमच्याकडे चिठ्ठी देताना "आणखी काय घेता?" हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. आता बाबांच्या पाकिटात गोळ्यांची यादी असते, पास आणि आधारच्या मधे.

उंब्रजकर

बाप रे. ऑफ्लॉक्स तर जुलाबाला सर्रास घेतो आपण.

मँचेस्टरची_मावशी

इथे फिजिओने पहिल्या दिवशी बुटात टाचेखाली घालायचे उंचवटे दिले, सेंटीमीटरभर. दोन्ही पायांत सारखे, नाहीतर कंबर बोलते. घरात कार्पेट असलं तरी पायात मऊ चप्पल. सासूबाई आल्या होत्या तेव्हा "स्वयंपाकघरात चप्पल?" म्हणून तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी त्यांची टाच दुखायला लागली. पुढचं सांगत नाही.

शेंगदाण्याचं_कूट

सांगा की!

मँचेस्टरची_मावशी

एक जोड त्या घेऊन गेल्या.

हळदीचं_पान

आईची टाच चिकुनगुनियानंतर धरली, २००६ साली, ताप गेला तरी वर्षभर. तेव्हा गावात निम्मी माणसं तशीच चालायची, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. अवांतर आहे, पण आठवलं.

एक मात्र लिहितेच. मेथोट्रेक्सेट ही वाताची गोळी आठवड्यातून एकदाच असते. आईने नवीन पाकीट आणलं आणि रोज एक घेतली, सहा दिवस. तोंड सोलपटलं, पांढऱ्या पेशी उतरल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. आता डब्यावर मार्करने "सोमवार" लिहिलंय आणि फॉलिक अॅसिडवर "मंगळवार". घरात दोघींची नावंच तशी पडलीत.

साडेआठची_लोकल

आले. भांडी बाकी आहेत, पण लिहिते.

मी ३२. सोरायटिकच. बाळाचा विचार चालू आहे म्हणून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट थांबवलं, काही महिने आधी थांबवावंच लागतं. आणि टाच परत बोलायला लागली. उतरतानाचा पूल सगळ्यात वाईट, मागून गर्दी ढकलते आणि मला एकेक पायरी. एकदा एक बाई म्हणाल्या, "एवढं नटून यायला वेळ आहे, पाय उचलायला नाही?" काय सांगणार, लिपस्टिक ट्रेनमध्ये लावते, पाय घरूनच आणावा लागतो.

आता दोन लोकल आधीची पकडते आणि गर्दी ओसरेपर्यंत फलाटावर बसते. बसल्या बसल्या पावलाने हवेत बाराखडी काढते. क पासून ज्ञ पर्यंत, मग पूल. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात चालतील अशी औषधं आहेत, पुढच्या भेटीत ठरवू. घरी अजून कुणाला सांगितलं नाहीये. इथे सांगितलं.

पोटरी_सोडा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बाराखडी आवडली, माझ्या पेशंटना देणार.

मँचेस्टरची_मावशी

भांडी राहू देत गं आज.

ओसरीवरची

सगळ्यांना धन्यवाद. आज ती मुलगी भेटली. तीच म्हणाली, "काकू, तुम्ही पण अशाच उतरायचात का? आई सांगत होती." तिच्या आईला आठवत होतं, आणि मला वाटायचं कुणाचं लक्षच नाही. मी थेट म्हटलं, नखं दाखव. तर दहाच्या दहा लाल चकचकीत. हसली, रविवारी रंग काढून येते म्हणाली. पाठीचं विचारलं, तर "ती बसून बसून दुखते, सगळ्यांचीच दुखते." पहाटे दुखते का म्हटलं, तर जरा गप्प झाली.

जाताना तिच्या बुटाकडे बघितलं. मागचा काठ अगदी त्या जागी टोचणारा. माझे जुने सँडल दिलेत, ज्यांचा मागचा पट्टा मी मोच्याकडून काढून घेतला होता.

रविवारची_मिसळ

पट्टा काढायचे किती घेतले हो मोच्याने?