मदत हवी: इंटिग्रेशन टेस्टमध्ये तारीख पुढे सरकवली की ३० दिवसांचा मेल जातो, १५ आणि ७ चे जातच नाहीत

नमस्कार मंडळी,

एका हॉस्पिटलसाठी आमची छोटी टीम रिमाइंडरची सिस्टिम करतेय. काम ऐकायला सोपं आहे: स्टाफच्या प्रमाणपत्रांची मुदत संपायच्या ३०, १५, ७ आणि १ दिवस आधी मेल आणि एसएमएस जायचा. बीएलएस आणि एसीएलएसची (हृदय बंद पडलं तर जीव वाचवायच्या ट्रेनिंगची) कार्डं २ वर्षांची, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ५ वर्षांची, शिवाय हॉस्पिटलची स्वतःची ट्रेनिंग वेगळी. आतापर्यंत हे सगळं एका एक्सेलवर चालायचं. आयसीयूतल्या सिस्टरचं कार्ड संपल्याचं ऑडिटच्या दिवशी कळलं की मेट्रन मॅडम सगळ्यांना धारेवर धरायच्या, म्हणून हा खटाटोप.

जावातलं स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस डेटाबेस, रोज पहाटे २ ला चालणारा जॉब. सर्व्हर दोन आहेत, मेल दोनदा जाऊ नये म्हणून शेडलॉक (एका वेळी एकाच सर्व्हरला जॉब चालवू देणारी लायब्ररी) लावलंय (किमान १० मिनिटं लॉक धरून ठेव, असं सेटिंग). टेस्टमध्ये टेस्टकंटेनर्सने (टेस्टपुरते कंटेनर चालवणारी लायब्ररी) पोस्टग्रेस आणि मेलपिट (मेल बाहेर न सोडता पकडून दाखवणारा टेस्टचा मेल सर्व्हर) उभे करतो आणि जावाच्या क्लॉकच्या जागी हाताने पुढे नेता येईल असं क्लॉक घालतो.

अडचण १: टेस्टमध्ये एक कार्ड घालतो, तारीख मुदतीच्या ३० दिवस आधीची करतो, जॉबची मेथड थेट बोलावतो. मेलपिटमध्ये मेल दिसतो. मग १५ दिवस पुढे जाऊन तीच मेथड पुन्हा बोलावतो, तर काहीच नाही. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये ओळ नाही, मेथड काही मिलिसेकंदांत परत येते. क्वेरीत करंट डेट (डेटाबेसची स्वतःची आजची तारीख) वापरलेली नाही, तारीख पॅरामीटरने जाते, ते तपासून झालंय.

अडचण २: एका वॉर्डात ट्रायल सुरू आहे. तिथे 'उद्या मुदत संपत आहे' हा मेल मुदत संपायच्या दिवशीच पोचतो. टेस्ट मात्र हिरवीगार (म्हणजे पास), लॅपटॉपवरही आणि बिल्ड सर्व्हरवरही.

कुणी असं काही केलं असेल तर प्लीज सांगा. पुढच्या आठवड्यात बाकीचे वॉर्ड जोडायचे आहेत.

प्रतिसाद:
टेस्टच्या डोक्यावर ट्रान्झॅक्शनल ही खूण आहे का? असेल तर शेवटी रोलबॅक होतो (डेटाबेसमधले बदल मागे घेतले जातात), आणि मेल पाठवणारा लिसनर कमिटनंतर (बदल पक्के झाल्यावर) चालणारा असेल तर तो कधी उठतच नाही. आमच्याकडे लोक यात हमखास अडकतात.

धागालेखक:
नाही, ते काढलंय. प्रत्येक टेस्टनंतर टेबलं रिकामी करतो. आणि पहिला मेल जातोय ना, लिसनर झोपला असता तर तोही गेला नसता.

प्रतिसाद:
उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: १० मिनिटं. शेडलॉकची खूण ज्या मेथडवर आहे तीच तुम्ही टेस्टमधून थेट बोलावताय. शेड्युलरने बोलावली काय नि तुम्ही बोलावली काय, मध्ये प्रॉक्सी (स्प्रिंगने घातलेला मध्यस्थ) असतेच, ती आधी लॉक घेते. पहिल्या वेळी लॉक मिळालं. तुमचं क्लॉक १५ दिवस पुढे गेलं, पण लॉक खऱ्या वेळेवर चालतं. त्याच्या लेखी मध्ये अर्धा सेकंदही गेलेला नाही. दुसरी हाक शेडलॉक गुपचूप सोडून देतं. शेडलॉकचा लॉग डिबगवर न्या, लॉक आहे म्हणून चालवत नाही अशी ओळ दिसेल.

लॉकचा वेळ शून्य करून टेस्ट हिरवी होईल, पण तसं करू नका. जॉबची मेथड दोन ओळींची ठेवा: आजची तारीख काढायची आणि आतल्या सर्व्हिसला द्यायची. लॉक फक्त बाहेरच्या मेथडवर. तारखा फिरवणाऱ्या सगळ्या टेस्ट आतल्या सर्व्हिसवर चालवा. लॉकची टेस्ट वेगळी आणि एकच: दोन थ्रेडनी एकदम बाहेरची मेथड बोलवायची, मेल एकच गेला पाहिजे.

प्रतिसाद:
दुसरी अडचण टाइमझोनची. सर्व्हर यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) असणार. आपले पहाटेचे २ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. झोन न देता आजची तारीख मागितली की कालची मिळते, आणि आज संपणाऱ्या कार्डाला एक दिवस शिल्लक दिसतो.

टेस्ट का पकडत नाही? तुमच्या नकली घड्याळात दुपारचे १२ असतील, बहुतेकजण तेच ठेवतात. दुपारी १२ ला इथे आणि यूटीसीत तारीख एकच असते. फरक पडतो तो आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत, आणि जॉब नेमका त्याच पट्ट्यात. घड्याळ पहाटे २ वर लावा, टेस्टचा जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्रॅम) मुद्दाम यूटीसीत चालवा, लगेच लाल होईल. मग कोडमध्ये आशिया/कोलकाता स्पष्ट लिहा.

जाता जाता: बीएलएसचं कार्ड ज्या महिन्यात मिळालं त्या महिन्याच्या अखेरपर्यंत धरतात. २८ फेब्रुवारी २०२६ ला मिळालेलं कार्ड २९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत चालतं. नुसती २ वर्षं मिळवलीत तर २८ येईल. ही एक टेस्ट घालाच.

धागालेखक:
दोन्ही निदानं बरोबर निघाली, मनापासून आभार! डिबग लावल्या लावल्या लॉकची ओळ दिसली. घड्याळ २ वर नेलं तर चार टेस्ट लाल झाल्या, झोन लिहिल्यावर हिरव्या. आता एकच शंका. सर्व्हर दोन दिवस बंद राहिला आणि नेमका ७ वा दिवस त्यात गेला तर? क्वेरीत मुदत 'बरोबर' ७ दिवसांवर अशी अट आहे.

प्रतिसाद:
मग तो मेल गेला तो गेलाच. 'बरोबर' काढा. '७ किंवा कमी दिवस उरलेत आणि या टप्प्याची नोंद नाही' अशी अट करा. नोंदीच्या टेबलात कार्ड, टप्पा आणि मुदतीची तारीख या तिन्हींवर मिळून युनिक की (तीच तिन्ही पुन्हा न येऊ देणारी). तारीख हवीच, नाहीतर कार्ड रिन्यू झाल्यावर पुढच्या खेपेला मेल जाणार नाही. पण एक लक्षात ठेवा, ५ दिवस उरलेलं कार्ड आज नव्याने भरलं तर ३०, १५ आणि ७ असे तीनही मेल एकदम सुटतील. सर्वांत जवळचा टप्पाच पाठवायचा, मागचे नुसते नोंदवायचे. टेस्टमध्ये ४० दिवसांचा लूप लावा, मधले दोन-तीन दिवस वगळा आणि शेवटी मेलपिटमधले मेल मोजा.

लूपच्या मध्यावर मेलपिटचा कंटेनर बंद करूनही पाहा. मेल गेला पण नोंद व्हायच्या आत सगळं कोसळलं, तर तो पुन्हा जाणार. हे चालवून घ्या. दोनदा आला तर सिस्टर कुरकुर करतील, आलाच नाही तर कार्ड संपेल.

प्रतिसाद:
एसएमएसबद्दल कुणीच बोललं नाही. एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेच्या जागी वायरमॉक (टेस्टचा नकली सर्व्हर) ठेवलात तर तो काहीही पाठवा, २०० (म्हणजे 'ठीक आहे') देणार. खऱ्या जगात मजकूर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळला नाही की मेसेज अडतो. टेम्प्लेट फाइलमध्ये ठेवा आणि वायरमॉककडे आलेला मजकूर त्याच्याशी पडताळा. चलाच्या (टेम्प्लेटमधल्या बदलत्या मजकुराच्या) जागी किती अक्षरं मावतात यालाही मर्यादा असते, 'अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर लाइफ सपोर्ट' असं पूर्ण नाव टाकू नका, एसीएलएस पुरे. आणि मराठीत पाठवणार असाल तर एका एसएमएसला ७० अक्षरं, त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. त्यापुढे गेलात की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि बिल त्या हिशोबाने येतं.

धागालेखक:
अरे बापरे, आमचा मराठी मजकूर दीडशेच्या वर आहे. उद्या अकाउंट्सशी बोलतो. लूपवाली टेस्ट लिहायला घेतली आहे.