ताडोबा, दीक्षाभूमी आणि अस्थिर काळातलं पर्यटन: प्रबंधासाठी क्षेत्रकार्य कसं आखावं?

एमए_शेवटचंसत्र (नागपूर):
समाजशास्त्राचा प्रबंध आहे. साथ, युद्ध, अचानक बंद होणारी हवाई हद्द अशा काळात पर्यटनाचं काय होतं, असा विषय. हातात तीन महिने, खर्चाला पैसे बेताचेच. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पर्यटकांकडून १०० प्रश्नावल्या भरून घ्यायचा विचार करून राहिली आहे. पुरेल का? आणि दीक्षाभूमीला येणाऱ्यांना पर्यटक म्हणायचं का? सर म्हणतात, नको.

बर्डीवाला:
आधी दुसरा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या पर्यटन-आकडेवारीच्या शिफारशींनुसार नेहमीच्या परिसराबाहेर, वर्षापेक्षा कमी काळासाठी, तिथल्या मालकाकडे नोकरी करणं वगळता इतर कुठल्याही मुख्य हेतूने गेलेला माणूस अभ्यागत ठरतो. रात्र काढली तर पर्यटक, नाहीतर एका दिवसाचा अभ्यागत. तीर्थयात्रा यात बसते.

म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला (दसऱ्याला) येऊन मंडपात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात झोपणारा हिशेबाने पर्यटकच. तो स्वतःला तसं म्हणणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेच्या जागी येणं त्याच्यासाठी सहल नाहीच. सरांचा आक्षेप इथे रास्त आहे. पण हॉटेलच्या रजिस्टरवरून शहराचे पर्यटक मोजाल तर हे लाखो लोक दिसणारच नाहीत. दोन्ही गोष्टी प्रबंधात लिहा. आणि बरेच जण पुढे चंद्रपूरला जातात (तिथली दीक्षा १६ ऑक्टोबरची), म्हणून ‘इथून पुढे कुठे?’ हा प्रश्न ठेवाच.

कोळारा_बफर:
ताई, १०० प्रश्नावल्यांतून ‘भीती वाटते का?’ ‘थोडीफार’ एवढंच हाती येईल. शिवाय गेटवर भेटणारे सगळे पोहोचलेले लोक. ज्यांची सहल रद्द झाली ते तिथे नसतात, आणि तुमचा विषय म्हणजे नेमके तेच लोक.

समाजशास्त्रज्ञ मिमी शेलर आणि जॉन अरी यांनी २००६ पासून लावून धरलेला मुद्दा इथे कामाचा आहे: फिरणाऱ्यांसोबत जागेवर रोवलेल्या गोष्टीही अभ्यासा. एकाचं फिरणं दुसऱ्याच्या थांबून राहण्यावर चालतं. ताडोब्यात थांबून राहणारे म्हणजे जिप्सीचालक (सफारीच्या उघड्या गाड्या चालवणारे), गाइड, रिसॉर्टमधली पोरं.

एक रद्द बुकिंग धरा आणि पैसा कुठवर अडकला ते बघा: पर्यटक, बुकिंगवाला, रिसॉर्ट, जिप्सीमालक, चालक. प्रत्येकाला एकच विचारा: किती रुपये गेले, ते कोणी सोसले? फेरीमागे पैसे मिळणाऱ्याला परतावा कोण देणार! अशा पाच-सहा साखळ्या नीट लिहिल्या तरी १०० प्रश्नावल्यांपेक्षा जास्त निघेल.

तुलनेसाठी दोन बंद घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ ला व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं (आतल्या गाभ्यातलं) पर्यटन थांबवलं आणि १६ ऑक्टोबरला बंदी उठवली. पण पावसाळ्यात पर्यटक तसेही कमीच असतात, त्यामुळे झळ नुसत्या जुलैच्या कमाईत शोधू नका, ऑक्टोबरच्या बुकिंगमध्येही शोधा. २०२० ची टाळेबंदी मात्र मार्चअखेर लागली. पुढे एप्रिल-मे, म्हणजे पाणवठ्यावर वाघ दिसायचा भर हंगाम. त्यातच सगळं गेलं.

मुलाखतीला कागदाची पट्टी न्या, बारा महिन्यांचे बारा रकाने. त्यात कमाई, कर्जाचा हप्ता, दुसरं काम, एवढं तिघांनी मिळून भरा: चालक, त्याची बायको आणि तुम्ही. नुसतं तोंडी विचारलं की सगळे ‘बरं चाललंय’ म्हणतात. सकाळच्या फेरीआधी कोणी बोलणार नाही. दोन फेऱ्यांमधला दुपारचा वेळ धरा. मंगळवारी कोअरची सफारी बंद, त्या दिवशी घरीच जा. मॅनेजर शेजारी बसलेला असेल तर ती मुलाखत मोजू नका. जंगलाच्या आत अभ्यास करायचा असेल तर वन खात्याची लेखी परवानगी लागते, तिला वेळ लागतो, अर्ज आजच टाका.

आकडेमोड_धंतोली:
पार्श्वभूमीच्या प्रकरणासाठी: राष्ट्रीय नमुना पाहणीची ७२ वी फेरी (जुलै २०१४ ते जून २०१५) देशांतर्गत पर्यटनखर्चावर आहे. जुनी असली तरी साथीआधीचा पाया म्हणून चालते. त्याहून कामाची २०२०-२१ ची श्रमबल पाहणी (सरकारची रोजगाराविषयीची). तिच्यात मार्च २०२० नंतर घरी येऊन १५ दिवस किंवा जास्त राहिलेल्या ‘तात्पुरत्या पाहुण्यां’ची वेगळी नोंद आहे. पर्यटक आणि परतलेले मजूर यांच्या मधली ही माणसं कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाहीत.

एमए_शेवटचंसत्र:
धन्यवाद जी. मग २०२० ला नागपूरवरून जाणाऱ्या ४४ नंबरच्या महामार्गावरून पायी निघालेले मजूर घेऊ का?

कोळारा_बफर:
तीन महिन्यांत ते झेपणार नाही. ते मजूर आता रस्त्यावर नाहीत, आपापल्या राज्यात आहेत. एक परिच्छेद द्या आणि थांबा. त्यापेक्षा दसऱ्याआधी दीक्षाभूमी परिसरातल्या अन्नदानाच्या दोन मंडपांशी बोलून ठेवा, त्या गर्दीत ओळखीशिवाय कोणाला दहा मिनिटं मिळत नाहीत.