गरम झाल्यावर गिअरबॉक्स तिसऱ्यातच अडकतो: सोलेनॉइड गेला की वायर तुटली?

मंडळी, जरा डोकं लावा, माझं आता चालेनासं झालंय.

गाडी जुनी एसयूव्ही, २००१ चं मॉडेल, पेट्रोल, फोर बाय फोर, चार गिअरचा ऑटोमॅटिक. २,१८,००० किमी झालेत. थंड असताना शहाण्यासारखी चालते. वीस-पंचवीस मिनिटांनी सिग्नलवरून निघताना मात्र एकदम जड होते, पाय दाबला तरी नुसती गुरगुरते. डॅशबोर्डवरचा 'ओ/डी ऑफ' (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर बंद) दिवा लुकलुकायला लागतो. गाडी थेट तिसऱ्यात उठते, वेग आला की चौथा पडतो, पण पहिला-दुसरा गायब. बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं.

मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि निकाल दिला: गिअरबॉक्स उतरवा, ओव्हरहॉल करा. मला पटलं नाही. ऑइल लालसर आहे, जळका वास नाही, पातळी गरम इंजिन चालू ठेवून बघितली, बरोबर आहे. शिवाय तिसऱ्यात गाडी घसरत नाही. क्लच प्लेट गेल्या असत्या तर दहा मिनिटं थांबल्याने कशा बऱ्या होतील?

साध्या स्कॅनरवर फक्त पी०७०० हा बिघाडाचा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या कंट्रोलमध्ये काहीतरी बिघाड आहे. मित्राच्या चांगल्या स्कॅनरवर खरा कोड दिसला: पी०७५३, शिफ्ट सोलेनॉइड 'ए'चं (गिअर बदलणारा, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह; असे 'ए' आणि 'बी' दोन आहेत) इलेक्ट्रिकल सर्किट. सोलेनॉइड अडकला असता तर पी०७५१ यायला हवा होता, म्हणजे भानगड विजेची आहे. लक्षणंही जुळतात. या गिअरबॉक्समध्ये पहिल्यासाठी फक्त 'ए' चालू असतो, दुसऱ्यासाठी दोन्ही, तिसऱ्यासाठी फक्त 'बी' आणि चौथ्यासाठी दोन्ही बंद. लिव्हर डीवर असताना 'ए' मेला की उरतात तिसरा आणि चौथा. हे कोष्टक बघितल्यावर त्या रात्री झोप जरा बरी लागली.

मग सोलेनॉइडचा कपलर (वायरीचा प्लग) काढून, म्हणजे त्यांची वीज तोडून, रिकाम्या रस्त्यावर चालवून बघितली. लिव्हर एलवर पहिला, २ वर तिसरा आणि डीवर चौथा, तिन्ही नीट पकडले. दुसरा असा तपासता येत नाही, पण थंड असताना तो बिनतक्रार पडतो.

आता मुख्य गोष्ट. मॅन्युअलप्रमाणे थंड सोलेनॉइडचा रेझिस्टन्स ११ ते १५ ओहम हवा. कंट्रोल युनिटचा कपलर काढून 'ए'ची पिन ते बॉडी अर्थ मोजला: थंड असताना १३.१. दिवा लुकलुकल्यावर लगेच किल्ली बंद करून पुन्हा मोजला, तर सर्किट ओपन, म्हणजे कुठेतरी तुटलेलं. मीटरकडे बघत बसून राहिलो. साधारण आठ मिनिटांनी आकडा अचानक १५.८ वर आला आणि मग हळूहळू उतरत गेला. तांबं तापल्यावर रेझिस्टन्स थोडा वाढणारच, त्यामुळे १५.८ ची काळजी नाही. काळजी आहे ती त्या ओपनची.

प्रश्न असा: कॉइल आतून तुटतेय, गिअरबॉक्सखालच्या ऑइल पॅनमधली वायर की बाहेरचं वायरिंग, हे पॅन न उघडता कसं ओळखायचं? गिअरबॉक्सजवळचा कपलर सायलेन्सर पाइपच्या इतका जवळ आहे की गरम असताना तिथे हात घालणं म्हणजे चटका ठरलेला. आणि तोवर अशी तिसऱ्यात उठवत चालवली तर नुकसान होईल का?

प्रतिसाद

कोड, लक्षण, ओहम सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय, ओव्हरहॉलचा विचार सध्या सोडा. गरम असताना खाली जायची गरजच नाही. थंड असतानाच त्या कपलरच्या मागून 'ए'च्या वायरीला बारीक पिन टेकवा, तिला लांब वायर जोडून पाइपपासून दूर ठेवत केबिनमध्ये आणा. अर्थसाठी दुसरी वायर थेट गिअरबॉक्सच्या केसिंगला लावा, बॉडीला नको. एकच वायर असलेला सोलेनॉइड अर्थ केसिंगमधून घेतो, त्यामुळे अर्थची पट्टी सैल असली तरी असंच दिसतं. युनिटकडे ओपन आणि इथे ओहम मिळाले तर दोष बाहेर. दोन्हीकडे ओपन आलं तर पॅन उघडा.

तिसऱ्यात उठवत गर्दीत रोज चालवू नका, टॉर्क कन्व्हर्टर घसरून ऑइल तापतं आणि तापल्यावरच तर तुमचा दोष येतोय.

धागाकर्ता

धन्यवाद! लांब वायरीची युक्ती झकास. दोन्हीकडे ओपन आलं, म्हणून रविवारी पॅन उतरवला. तळाशी काळपट लेप होता, पण धातूचे तुकडे नाहीत. 'ए'ची वायर इतकी कडक झाली होती की वाकवल्यावर कवच तडकलं, आणि सोलेनॉइडजवळ आतला तांब्याचा धागा तुटलेला निघाला. थंड असताना टोकं टेकत असणार आणि गरम झाल्यावर सुटत असणार. वायरीसकट नवा सोलेनॉइड मागवलाय, 'बी'ची वायरही तितकीच कडक आहे म्हणून दोन्ही एकदम बदलतो. व्हॉल्व्ह बॉडी (सोलेनॉइड ज्यावर बसतात तो ऑइलच्या वाटांचा ठोकळा) न उतरवता हे कोणी केलंय का? बोल्ट तर समोरच दिसतायत.