फुकट, मोफत की सप्रेम भेट? पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय लिहू?

निळी शाई

एक शब्द हवाय, पण त्याआधी थोडी रडकथा ऐकून घ्या. मी एक कादंबरी लिहिली. दोन प्रकाशकांकडून साभार परत आली, तिसऱ्याने 'पॅकेज' सांगितलं तेव्हा म्हटलं पैसे आपलेच जाणारेत तर आपणच छापू, आणि पदरमोड करून ३०० प्रती छापल्या. त्यातल्या २५ प्रती नुसत्याच वाचायला द्यायच्या असं ठरवून सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, "माझ्या नव्या कादंबरीच्या २५ प्रती वाचकांसाठी मोफत". मला वाटलं झुंबड उडेल, आपल्याला चिठ्ठ्या टाकाव्या लागतील वगैरे.

पहिला प्रश्न आला, "कशाबद्दल?" दुसरा, "कुरिअरचे किती भरायचे?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर सरळ लिहिलं, "ताई, लिंक उघडावी लागणार नाही ना? ओटीपी वगैरे?" एका मैत्रिणीने बाजूला मेसेज केला की घेतली असती गं पण नाही आवडली तर तुला काय सांगू. पंचवीसातल्या चार गेल्या, त्यातली एक आईने नेली.

नवरा म्हणतो कादंबरीत नाही, शब्दात खोट आहे. तर मोफत, फुकट, विनामूल्य, सप्रेम भेट, अभिप्रायार्थ या सगळ्यांत नेमका फरक काय आणि मी कोणता वापरू?

खडूस वाचक

आधी 'मोफत' बाद कर. मूळ मुफ्त, फारसीतून आलेला, त्याला काही हरकत नाही, पण आता तो शब्द एकतर सरकारचा नाहीतर दुकानदाराचा. सरकार म्हणतं 'मोफत व सक्तीचे शिक्षण', २००९ च्या कायद्याच्या नावातच आहे. दुकानदार म्हणतो एकावर एक मोफत. म्हणजे मोफतच्या शेजारी कायम दुसरं काहीतरी उभं असतं, सक्ती तरी नाहीतर खरेदी तरी. तुझ्या काकांनी ते दुसरं काय आहे एवढंच विचारलं, बिचाऱ्यांची चूक नाही.

आणि 'फुकट' तर लिहूच नकोस, त्याचा दुसरा अर्थ 'वाया'. मेहनत फुकट गेली, दिवस फुकट गेला. अख्खी कादंबरी फुकट असं कुणी वाचलं तर?

तिकडचा मी

'चकटफू' लिहा की मग, संशय घ्यायच्या आधी लोक हसतील तरी. हा शब्द च-च्या भाषेतला आहे हे मला पंचविशीत कळलं. पहिलं अक्षर शेवटी ढकलायचं आणि पुढे च लावायचा, फुकटचं झालं चकटफु. शाळेत मास्तरांना कळू नये म्हणून बोलायची भाषा, ती राहिली बाजूला आणि हा एकच शब्द मोठा होऊन घराघरात गेला.

बेळगावचा कुंदा

आमच्याकडं कानडीत पुक्कटे म्हणतात, अर्थ तोच. कुणी कुणाकडून घेतला ते भांडण इथं नको, सीमाभागात तेवढं एकच भांडण कमी आहे. पण शब्द जुना असणार. मनाच्या श्लोकांत आहे की, 'फुकाचे मुखी बोलता काय वेचे'. वेचणे म्हणजे खर्च होणे. नुसतं तोंडानं बोलायला काय खर्च येतो, असं. म्हणजे पैसे न लागणं आणि किंमत नसणं हे दोन्ही तेव्हापासून एकाच शब्दात नांदतंय.

संत्रं

आमच्या नागपुरात फोकट. "फोकटचं घेऊन काय करू बे" हे वाक्य मी एका पुस्तकाच्या स्टॉलवर स्वतः ऐकलं आहे आणि तो माणूस पुढे जाऊन दीडशे रुपयाचं कोडी सोडवायचं पुस्तक घेऊन गेला.

जुना कंपॉझिटर

मी छापखान्यात बरीच वर्षं काढली, खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत, त्यामुळे हे सगळे शब्द हाताखालून गेलेत. आमच्याकडे हजाराची ऑर्डर असली की अकराशे छापायचो, वरचे शंभर वाटायला. त्या शंभरातही जाती होत्या. लेखकाने सही करून द्यायची ती 'सप्रेम भेट'. मोठ्या माणसाला द्यायची ती 'सादर' किंवा 'मानार्थ', तिथे सप्रेम चालत नाही, वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण प्रेमाने देतो असं म्हणत नाही, सादर करतो. आणि वर्तमानपत्रांना मासिकांना जायची ती 'अभिप्रायार्थ' किंवा 'परीक्षणार्थ', ती बहुतेक दोन प्रती, एक परीक्षण करणाऱ्याची एक कचेरीची. परीक्षण आलं नाही तर निदान 'साभार पोच' या सदरात नाव यायचं, पुस्तक, लेखक, पानं, किंमत, संपलं. लेखक ते कात्रण पाकिटात घालून फिरायचे.

तेव्हा साभारची गंमत बघा. हस्तलिखित नाकारलं की साभार परत, छापलेलं पुस्तक वाचलं नाही की साभार पोच. दोन्हीकडे आभार मानलेत आणि दोन्हीकडे वाचल्याची खात्री नाही.

ताई, तुमच्या मैत्रिणीला तुम्ही सप्रेम द्यायची होती, तुम्ही तिला न सांगता अभिप्रायार्थ दिलीत. शब्द मोफत लिहिलात, मनात अभिप्रायार्थ होतं. वाचकाला ते वासावरून कळतं.

निळी शाई

आई गं. हे लागलं. हो, मनात होतंच, दोन ओळी लिहितील कुठेतरी म्हणून.

आर्या_नव्हे

अभिप्राय या शब्दावर थोडं. संस्कृतात अभिप्राय म्हणजे मुख्यतः मत नव्हे, हेतू. मनात काय आहे ते, बोलण्यामागचा उद्देश. मराठीत त्याचं मत झालं. त्यामुळे 'अभिप्रायार्थ प्रत' हे संस्कृतातून वाचलं तर सरळ 'हेतूसाठी दिलेली प्रत' असं होतं, म्हणजे काकांची शंका व्याकरणशुद्ध आहे :)

शेवटचं पान आधी

मी तो वाचक आहे ज्याला अशा प्रती मिळतात, म्हणून दुसरी बाजू सांगतो, जरा लांबेल.

पहिली प्रत मिळाली तेव्हा हरखून गेलो होतो, सही वगैरे, 'रसिक वाचक श्री. अमुक यांस'. चौथ्या दिवशी मेसेज, वाचलं का. आठव्या दिवशी, कुठपर्यंत आलात. पंधराव्या दिवशी लिंक आली, तिच्याखाली "पाच तारे दिलेत तर उपकार होतील". पुस्तक मी चाळीस पानांवर सोडलं होतं, पहिल्या प्रकरणात नायकाचे वडील वारतात आणि तिसऱ्यात चहा पितात, आणि लेखक माझ्या मेव्हण्याच्या ओळखीतला, आता काय लिहिणार. चार तारे दिले आणि 'ओघवती भाषा' असं लिहिलं. तेव्हापासून कुणाच्याही परीक्षणात ओघवती भाषा दिसली की मला कळतं की हा माझा भाऊ आहे.

यासाठी मराठीत अचूक शब्द आहे, मिंधा. फुकट घेतल्याने माणूस फुकट्या होत नाही, मिंधा होतो. फुकट्याला लाज नसते, तो मजेत असतो. मिंध्याला असते म्हणून तर तो मिंधा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती हीच. आणि वर म्हणीसुद्धा घेणाऱ्यालाच गप्प करतात, धर्माची गाय आणि दात का गं नाय. पण कादंबरी ही अशी गाय आहे की जिचे दातच बघायचे असतात, दुसरं करायचं काय तिचं?

म्हणून मी आता विकतच घेतो. दोनशे रुपये गेले तर गेले, तोंड तर माझं राहतं.

पेठेतली

+१. आणि दुसरी शंका कुणी बोलत नाहीये ती मी बोलते. फुकट वाटतायत म्हणजे खपत नसणार, आणि खपत नाही म्हणजे चांगली नसणार. अन्याय्य आहे, मान्य. पण पुण्यात आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरताना माझ्या मनात तरी हेच येतं.

टीप_ऑफिस

या हिशोबाने चांगली पुस्तकं खपतात असं गृहीत धरलंय का? मग बोलणंच खुंटलं.

जर्सीकर

ई-बुकवाल्यांनी हा प्रश्न 'फ्री' म्हणून मिटवलाय, म्हणजे मिटवला नाहीच. ॲमेझॉनच्या किंडलवर त्यांच्या सिलेक्ट योजनेत पुस्तक टाकलं की ९० दिवसांतले ५ दिवस ते शून्य किमतीला देता येतं. मी त्या पाच दिवसांत इतकी मराठी पुस्तकं उतरवून ठेवलीत की मोजणं सोडलं. उघडली किती, तर तीन. पैसे न लागल्यामुळे मिंधेपण आलं नाही हे खरं, लेखकाला माझं नावही माहीत नाही, पण वाचायची ओढही आली नाही. तिथेही नियम आहे की प्रत फुकट द्या पण त्या बदल्यात परीक्षण मागू नका, आणि चांगलंच लिहा असं तर मुळीच सांगू नका. 'पाच तारे दिलेत तर उपकार होतील' हे नियमात बसत नाही, 'उपकार' शब्द घातला तरी.

लाल फीत

भारतातही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आणि जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या मंडळींसाठी काढलेली माहितीपुस्तिका बघा, वस्तू फुकट मिळाली असेल आणि तिची भलामण करत असाल तर तसं सांगायचं. हे मुख्यतः इन्फ्लुएन्सर लोकांसाठी, शेजारच्या काकांना लागू करत बसू नका. पण परीक्षणाच्या सुरुवातीला 'ही प्रत लेखिकेकडून भेट मिळाली' एवढी एक ओळ लिहिली की वाचणाऱ्याला पण कळतं कुठे उभं राहून बोलतायत.

कार्ड कॅटलॉग

अवांतर आहे पण ताईंना उपयोगी. तुम्ही स्वतः प्रकाशक झालात ना, मग काही प्रती अशा आहेत ज्या फुकट द्याव्याच लागतात. १९५४ चा पुस्तके पोहोचवण्याबाबतचा कायदा. प्रकाशकाने प्रसिद्धीपासून ३० दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत द्यायची, शिवाय ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना, त्यात मुंबईचं टाउन हॉलमधलं पण येतं. न दिल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाच्या किमतीएवढा, म्हणून कुणी मनावर घेत नाही. तिथे कुणी 'कशाबद्दल' विचारत नाहीत, ओटीपीपण नाही. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घेतला नसेल तर घ्या, आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सी त्याचे पैसे घेत नाही. कुणी त्याचे वेगळे हजार दोन हजार लावले असतील तर तो तुमच्या त्या 'पॅकेज'चा भाग.

निळी शाई

घेतलाय आयएसबीएन. ग्रंथालयाचं माहीत नव्हतं, पाठवते. म्हणजे पंचवीसातल्या आणखी काही मार्गी लागल्या!

पण शब्द राहिला. विनामूल्य कसा वाटतो?

खडूस वाचक

विनामूल्य म्हणजे ज्याला मूल्य नाही. आणि 'अमूल्य' म्हणजेसुद्धा ज्याला मूल्य नाही. एक कचऱ्यात जातो एक देव्हाऱ्यात, फोड केली तर दोन्ही सारखेच. धार्मिक पुस्तिकांवर 'मूल्य : सदुपयोग' छापतात ते बघितलंयस का, तेवढा आत्मविश्वास असेल तर तसं लिही.

तिळगूळ आणि मी

संक्रांतीला थांबली असतीस तर शब्द आयता होता गं. वाण! आमच्याकडे एका वर्षी सासूबाईंनी पुस्तकं लुटली, चाळीसेक बायकांना. वाणाला कुणी 'कशाबद्दल' विचारत नाही आणि नंतर 'वापरलं का' असं पण कुणी विचारत नाही. आणि लुटणे हा शब्द किती मजेशीर आहे बघ, दसऱ्याला सोनं लुटतात, वाण पण लुटतात, आणि लुटणारी ती जी देते ती.

(त्यातली किती पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या घरून वाण म्हणून परत आली ते विचारू नका. एक आलं.)

जुना कंपॉझिटर

रद्दीत येतात त्यापेक्षा बरं. मी दादरला फुटपाथवर 'सप्रेम भेट' लिहिलेलं पान कात्रीने कापून काढलेली पुस्तकं बघितली आहेत. ज्याने कापलं त्याला लाज होती म्हणायची.

निळी शाई

ठरलं. भेट नाही, मोफत नाही, अभिप्रायार्थ तर नाहीच. मी पहिल्या पानावर लिहिणारे 'उसनी'. म्हणजे वाचा आणि परत करा, मिंधेपणा नाही, तारे नाहीत, मी मेसेज करणार नाही. कसं वाटतंय?

खडूस वाचक

चुकीचा शब्द. उसनी साखर आणतेस तेव्हा तीच साखर परत देतेस का? ती तर चहात गेली. तेवढीच दुसरी देतेस. उसने पैसेही तसेच, तीच नोट कुणी परत आणून देत नाही. उसनं म्हणजे तेवढंच पण दुसरं. तीच वस्तू परत यायची असेल तर 'वाचायला दिली' म्हण. तुझ्या शब्दाप्रमाणे काका तुझी कादंबरी ठेवून घेतील आणि महिन्याभराने त्यांच्या कपाटातली कुठली तरी भलतीच कादंबरी आणून देतील, त्याला तू काही म्हणू शकणार नाहीस.

निळी शाई

अरे पण हे चालेल की मला! उसनीच लिहिते.

शेवटचं पान आधी

एक प्रत माझ्या नावाची ठेवा. बदल्यात एक देतो, ओघवती आहे.