कोंडवाडा, ताडपत्री आणि दंडाची पावती: तुमचे अनुभव सांगा

वऱ्हाडी_ठेचा
दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, लोकांनी ती फाडली, दाणे टाकणाऱ्यांना ५०० रुपये दंड. २०२५ मधला तो गोंधळ आठवत असेलच. परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ परत ढकलला आणि मला एकदम गावचा कोंडवाडा आठवला.

वडील नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते, मोकाट गुरं त्यांच्याच गळ्यात. कायदा १८७१ चा. जनावर कोंडायचं, मालक आला की दंड आणि खुराकी घेऊन सोडायचं. सात दिवसांत कुणी फिरकलं नाही तर दवंडी, आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव. कागदावर झकास! प्रत्यक्षात दुभती म्हैस कोंडली की मालक तासाभरात हजर, सोबत नगरसेवक, "साहेब, गरीब माणूस आहे, जाऊ द्या". भाकड गाय असली की मालकाला ती ओळखूच येत नसे. म्हणजे दंड देऊ शकणारी जनावरं फुकटात सुटायची आणि उरलेल्यांना पालिका कडबा घालायची. राखणदाराचा पगार, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, शिवाय गाय पकडताना माणसं लाथा खायची ते वेगळंच. एका वर्षी ऑडिटवाल्यांनी शेरा मारला की कोंडवाडा तोट्यात आहे. बाबांनी लेखी उत्तर दिलं, "कोंडवाडा हे दुकान नाही." मुख्याधिकारी चिडले होते म्हणे.

आता त्या जागेवर पालिकेचेच गाळे आहेत. भाडं येतं. गुरं गाळ्यांसमोर बसतात.

तर तुमचे अनुभव येऊ द्या. दंड भरला असेल, तक्रार केली असेल, वसूल करायच्या बाजूला असाल तरी लिहा. खर्च शेवटी कुणाच्या अंगावर पडला तेही सांगा.

गच्चीवरची_तुळस
कबुतरं!!! नावच काढू नका. सासूबाईंचा खोकला जाईना, छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का. समोरच्या गच्चीवर रोज सकाळी पोतंभर ज्वारी पडते. पालिकेत अर्ज दिला, माणूस आला, त्याने त्यांना समजावलं, चहा पिऊन गेला. शेवटी जाळी आम्हीच बसवली, पदरचे पैसे घालून. बाकीचं नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

काळा_कोट
धागाकर्त्यांच्या वडिलांचं उत्तर फ्रेम करून लावण्यासारखं आहे. 'तोटा होतो' हे कारण कोर्टात पूर्वीच निकालात निघालंय. रतलाम नगरपालिकेची केस, सर्वोच्च न्यायालय, १९८०. उघडी गटारं, संडासांची सोय नाही, लोक रस्त्यावर बसायचे, वर दारूच्या कारखान्याचं घाण पाणी. रहिवासी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवायच्या कलमाखाली, मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. न्या. कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं की पैसे नाहीत म्हणून मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही. ते कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालंय. अर्ज करता येतो, पण अशील दोन तारखांना येतो आणि तिसऱ्या वेळी म्हणतो, रजा कोण देणार साहेब.

सोयाबीन_सोडून_बोला
लिलाव आता इसराच भाऊ. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैलाला बी लागली, तवापासून भाकड ढोर घेते कोण? आमच्या इकडं नगरपरिषद गोशाळेत नेऊन सोडते, ढोरामागं रोजचे पैसे देते. गोशाळा फुल झाली की गाडी वापस. मंग ते ढोरं रातच्याला वावरात. शहराचा उपद्रव कमी झाला न जी, आमी रातभर टॉर्च घेऊन मचाणावर. याचा खर्च कोन्या हेडखाली धरता?

बटाटेवडा_विदाऊट_पाव
+१ शेवटच्या प्रश्नाला.

माझा अनुभव प्लॅस्टिकचा. २०१८ च्या जूनमध्ये बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५०००, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि कैद. आमच्या कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या मावशी होत्या. त्यांच्याकडे पिशव्या सापडल्या. टोपलीतल्या सगळ्या मालाची किंमत ५०० नसेल, दंड ५०००! समोरच्या मोठ्या दुकानालाही तेवढाच. मावशी रडायला लागल्या तर पथकातला माणूसच बिचारा ओशाळला, पिशव्या जप्त करून निघून गेला. नियम मोडून सोडलं त्याने. मी त्याला वाईट म्हणू का चांगलं, मला अजून ठरवता येत नाही. पिशव्या महिन्याभरात परत आल्या, भाव चढवून.

लोकल_११_०२
थुंकण्याचा दंड! मुंबईत कंत्राटी मार्शल होते, दंडातला वाटा कंत्राटदाराला. जिथे वाटा असतो तिथे काय होतं ते सांगायला नको. एका शहरात (नाव नाही सांगत) मला एकाने बसमधून उतरल्या उतरल्या पकडलं, "थुंकलात." मी म्हटलं अहो, शिंकलो. म्हणाला पावती हवी की बिनपावती? पावती मागितल्यावर त्याचा उत्साहच गेला.

मोगरा_आणि_मिसळ
शिंकलो 😂😂 पुण्यात २०१८ ला थुंकणाऱ्याकडूनच पुसून घेत होते, वर १५० रुपये. फुकटात भिंत साफ, कंत्राटदार नाही, काही नाही. ते का बंद पडलं?

लोकल_११_०२
पुसताना उभं राहून बघायला पगारी माणूस लागतो ना.

राईनकाठची_शेवंता
जर्मनीत रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. आमच्या खालच्या आजी खिडकीतच बसलेल्या असतात. नगरपालिकेला एक युरो खर्च नाही :)

झोप_हवी_आहे
त्या आजी आमच्याकडे पाठवा. घरामागे लग्नाचा हॉल. रात्री १० नंतर स्पीकर बंद हे लहान पोराला माहीत आहे, रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल. फोन केला की पहिला प्रश्न, "तुमचं नाव?" नाव सांगितलं आणि दहा मिनिटांत हॉलवाल्याचा मला फोन, "दादा, डायरेक्ट आपल्याला सांगायचं ना." तेव्हापासून बिल्डिंगमध्ये मी 'तक्रारवाले काका'. मुलाला सोसायटीच्या क्रिकेटमध्ये घेत नव्हते काही दिवस. वय ३८ आहे हो माझं, काका कसला!

मंडळ_आभारी_आहे
दुसरी बाजू पण ऐका. मुंबईत २०२५ ला गणपतीच्या मंडपासाठी रस्त्यात खणलेल्या खड्ड्याचा दंड २००० वरून १५,००० केला होता, एका खड्ड्याला! ओरड झाल्यावर मागे घेतला. आम्ही खड्डे बुजवतो, फोटो काढून देतो. आणि वर्षभर त्याच रस्त्यावर पालिकेचे जे खड्डे असतात त्याची पावती आम्ही कुणाच्या नावाने फाडायची?

काळा_कोट
मंडळ, प्रश्न रास्त आहे, पण झोप_हवी_आहे यांच्या घराकडे तुमचा स्पीकर नाही ना?

मंडळ_आभारी_आहे
आम्ही १० ला बंद करतो. परवानगीच्या दिवशी १२. काकांना आरतीला बोलवू.

झोप_हवी_आहे
काका म्हणू नका.

गच्चीवरची_तुळस
आले परत. सासूबाई आता बऱ्या आहेत. जाळी लावल्यावर ती कबुतरं शेजारच्या जोशांच्या खिडकीत गेली, त्यामुळे ते आमच्याशी बोलत नाहीत.

बटाटेवडा_विदाऊट_पाव
तुळस, जाळी नायलॉनची की स्टीलची? चौरस फुटाला काय घेतात हल्ली? आमच्या बाल्कनीत अंडी घातलीत त्यांनी, बायको म्हणते पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
सोयाबीन भाऊ, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. विचारताहेत, कडब्याची पेंडी सध्या कशी आहे तिकडे?