एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिनचे दिवे एकदम लागतात: मॉड्यूल बदलण्याआधी काय तपासावं?

घाटवाट:
२०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. खड्डा लागला की कधीकधी एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), पॉवर स्टिअरिंग आणि चेक इंजिन हे तिन्ही दिवे एकदम लागतात, स्पीडोमीटर शून्यावर येतो, स्टिअरिंग जड होतं. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत. स्कॅनरवर इंजिन ईसीयू (इंजिनचा कंट्रोल संगणक) आणि स्टिअरिंग दोन्हींत यू०१२१ हा बिघाडाचा कोड आहे, एबीएसमध्ये मात्र एकही कोड नाही. गॅरेजवाले एबीएस मॉड्यूल बदला म्हणतात. घरच्या मल्टीमीटरने आधी काय बघता येईल?

तांब्याची तार:
दिवे तीन असले तरी बिघाड एकच असावा. बहुतेक गाड्यांत चाकांचा वेग एबीएस मोजतं आणि कॅन बसवरून (सगळ्या मॉड्यूलना जोडणाऱ्या दोन वायरींवरून) बाकीच्यांना कळवतं. ते गप्प झालं की मीटर शून्य, आणि वेग न कळल्यामुळे स्टिअरिंगची मदतही कमी.

यू०१२१ म्हणजे ‘एबीएसकडून संदेश येत नाहीत’, एवढंच. का येत नाहीत ते कोड सांगत नाही. एबीएसच्या स्वतःच्या मेमरीत काहीच नाही, म्हणून माझा पहिला संशय सप्लाय किंवा अर्थवर (बॉडीला जोडलेल्या मायनस वायरीवर). करंटच तुटला तर कोड नोंदवणार कोण?

इग्निशन बंद करून एबीएसचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढा. आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का बघा. मग वायरिंगच्या बाजूने, सप्लायच्या पिना आणि अर्थची पिन यांच्यात २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा. नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब पेटलेला असताना बॅटरीचं मायनस टोक आणि एबीएसची अर्थ पिन यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोडून घासा. हे करताना वायरिंग हलवत राहा, बल्ब लुकलुकला की जागा सापडली. (बल्ब कॅनच्या किंवा सेन्सरच्या वायरींना चुकूनही लावू नका.)

साठ ओहम:
वरचं बरोबर आहे, त्यात बसची तपासणी जोडतो. बॅटरीचं मायनस काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ व १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बसच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा संपर्क तुटलाय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगमध्ये हे नेहमीचंच.

पण ६० आलं म्हणून बस निर्दोष ठरत नाही. एबीएस मधल्या फाट्यावर असेल आणि तो फाटा तुटला, तरी सॉकेटवर ६० च दिसणार. म्हणून तेच माप एबीएसच्या काढलेल्या कपलरवर, वायरिंगच्या बाजूने घ्या. ६० म्हणजे वायरी शाबूत. एबीएस स्वतःच बसचं टोक असेल तर तिथे १२० हेच योग्य. सप्लाय, अर्थ, बस तिन्ही खड्ड्यांच्या झटक्यातही टिकले, तरच मॉड्यूलवर बोट ठेवा. काही नव्या गाड्यांत सॉकेटमागे गेटवे (सॉकेट आणि बस यांच्यामधलं मॉड्यूल) असतो. तिथे सॉकेटवरचं माप उपयोगाचं नाही, थेट कपलरवरच मोजा.

घाटवाट:
आणि मॉड्यूलच निघालं तर जुन्या बाजारातलं चालेल?

तांब्याची तार:
पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तरच. त्यानंतरही बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने व्हेरियंट कोडिंग (मॉड्यूलमध्ये त्या गाडीची सेटिंग भरणं) करावं लागतं, नाहीतर एबीएसचा दिवा तसाच राहतो. हायड्रॉलिक ब्लॉकसकट (ब्रेक ऑइलचे व्हॉल्व्ह असलेल्या भागासकट) बदललं तर ब्रेक ब्लीडिंगही (ब्रेक ऑइलमधली हवा काढणं) स्कॅनरनेच, कारण ब्लॉकच्या आतल्या व्हॉल्व्हमधली हवा नुसतं पेडल दाबून निघत नाही. पेडल मऊ लागत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.